गुरुवारचं कुलूप

"सोमवारी माझ्या घराचा लिलाव हाय," बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "बँक म्हणते नोटीस दिली. मला नोटीस आलीच न्हाई. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण बोलून राहिलंय?"

भागवतरावांनी लगबगीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेला माणूस तो. रडवेला प्रवासी दिसला की आधी जागा द्यायची आणि तिकिटाचं मग बघायचं, ही जुनी सवय. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा ते लातूरच्या ट्यूशन एरियातल्या या एका खोलीच्या ऑफिसात येऊन बसत. दारावर पाटी होती: 'बुद्धप्रिया गायकवाड, खाजगी चौकशी'. आपल्याला गुन्ह्याचा वास लांबून येतो असं भागवतरावांचं ठाम मत होतं. आजवर तो वास बहुतेक वेळा खालच्या गाड्यावरच्या भज्यांचाच निघाला होता, ही गोष्ट वेगळी.

"नाव?" बुद्धप्रियानं विचारलं. तिशी उलटलेली, किरकोळ अंगाची ही बाई समोरच्याकडे अशी एकटक बघायची की माणूस विचारल्यापेक्षा जास्तच सांगून मोकळा व्हायचा.

"शिवानी खानापुरे. डाळमिलच्या ऑफिसात कामाला हाय. नवरा नांदेडला. दोन वर्षं झाली वेगळं होऊन."

तिनं पेपरात आलेली लिलावाची जाहिरात टेबलावर ठेवली आणि मग सगळं भडाभडा सांगितलं. घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा भाऊबंदांची बैठक बसली. शिवानी आणि तिचा नवरा रुद्रेश एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. तेव्हा बैठकीनं ठरवलं की अर्धा हप्ता तिनं द्यायचा, अर्धा त्यानं, आणि दोन्ही भुजंगभाऊजींच्या हातात. भुजंग म्हणजे रुद्रेशचा थोरला चुलतभाऊ, नांदेडचा. तो बँकेत भरणार. घरात शिवानी, तिची दहावीतली लेक ऋतुजा आणि सासू राहणार.

"सासू तुमच्याकडं? मुलाकडं नाही?" बुद्धप्रियानं मध्येच विचारलं.

"त्या म्हणाल्या, मी सुनेला घेऊन आले या घरात, तिला टाकून जायची न्हाई."

"बरं. मग हप्ते कुठं थांबले?"

"त्यानं द्यायचे थांबवले!" शिवानीचा आवाज चढला. "भाऊजी स्वतः आले सांगायला. म्हणाले, रुद्रेश पैसे द्यायला तयार न्हाई, नुसत्या अर्ध्या हप्त्यानं काय होणार? माझे पैसे जसेच्या तसे माझ्या हातात ठेवले. पै खाल्ली न्हाई त्यांनी. मॅनेजरला भेटून मुदत मागतो म्हणाले. लई सोसलं त्यांनी आमच्यापायी. आणि त्याला मात्र मला पोरीसकट रस्त्यावर आणायचंय."

ती गेल्यावर भागवतरावांनी निकाल देऊन टाकला. "नवरा, ताई. सरळ नवरा. लिलावात घर जाईल, बायकोचा माज उतरेल. संपलं."

"चला बँकेत," बुद्धप्रिया म्हणाली.

---

बँकेचा मॅनेजर माणूस सभ्य होता, पण कागदाच्या बाहेर न बघणारा. त्यानं फाईल उघडली.

"कागदपत्रं चोख आहेत, मॅडम. पहिली नोटीस कर्जदारांनी दिलेल्या नांदेडच्या पत्त्यावर गेली. पत्ता स्वतः रुद्रेश खानापुरेंनी बदलून घेतलाय. पोच आली. शिवाय आमच्या वसुली एजन्सीनं लातूरच्या घराच्या दारालाही डकवली. हा फोटो."

फोटोत हिरवं दार होतं, कडीला कुलूप आणि मधोमध पांढरा कागद. दाराच्या डाव्या अंगाला दोन निळे ड्रम पालथे घातलेले. खाली एजन्सीचा अहवाल. शिवरात्रीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी सात वाजता गेलो, घराला कुलूप होतं, शेजारीपाजारी कोणी आढळलं नाही, सबब नोटीस दारास डकवली.

"या नोटिशीवरच पुढचं सगळं उभं आहे ना?" बुद्धप्रियानं विचारलं.

"अर्थात. नोटीस पोचलीच नसेल, तर लिलाव टिकणार नाही. पण पोचलीय. आणि खरं सांगू? बोली एकच आलीय, नांदेडची. आम्हालाही हे प्रकरण एकदाचं मिटवायचंय."

बुद्धप्रियानं फोटोचा फोटो काढून घेतला. भागवतरावांनीही बराच वेळ तो निरखला. दार, कुलूप, कागद. त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. ड्रम तर त्यांच्या स्वतःच्या दारातही तसेच होते.

---

शिवानीच्या घराच्या दोन्ही बाजूंना हॉस्टेलं उठली होती. डावीकडं चार मजली, उजवीकडं पाच मजली. मध्ये हे बैठं घर, दारात तुळस आणि कडुलिंबाचं एक झाड. पार्वतम्मा, शिवानीची सासू, नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे ताजे होते, गळ्यातलं लिंग पदराआड होतं. चौकशीला माणसं आली म्हणताच त्यांनी हातातला मोबाईल चटकन उशीखाली सारला. भागवतरावांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांचं नाक फुरफुरलं.

"आज्जी, दाराला लावलेली नोटीस तुम्ही काढली का?" बुद्धप्रियानं सरळच विचारलं. "चारचौघांत अब्रू जाते म्हणून?"

"अय्यो! मला वाचायला कुठं येतंय? कागद दिसला असता तर सुनेलाच विचारलं असतं." म्हातारीचा आवाज मात्र कापरा होता.

"शिवरात्रीच्या आधी तुम्ही सगळे कुठं गावाला गेला होता?"

"एकदाच की. रविवारी. औशाला, हिच्या भावाच्या बाळाची लिंगधारणा होती. मठातले अय्या आले होते विधी करायला, लई छान झालं. भुजंगानं गाडी पाठवली, ड्रायव्हर दिला. सकाळी गेलो, रात्री आलो."

"आणि त्या पुढच्या गुरुवारी?"

शिवानीनं कपाळावर हात मारला. "इतक्या महिन्यांपूर्वीचा गुरुवार कुणाला आठवतो, ताई? सकाळी मी घरीच असते. पण साक्ष कोण देणार?"

साक्ष देणारी बाई समोरच्याच ओट्यावर बसली होती आणि तिला बोलवावंही लागलं नाही. सरस्वतीबाई आपण होऊन आत आल्या, चहाही आपण होऊन मागितला.

"नोटीस गीटीस मी बघितली न्हाई. गुरुवारचं म्हणता? शिवरात्रीच्या आधीचा? अहो, त्या दिवशी तर आमच्या नातवाचं बारसं! मेल्या टँकरवाल्यानं त्या दिवशी मला असं बुडवलं! पाहुणे येणार म्हणून आगाऊ पैसे देऊन टँकर सांगितला, आणि भल्या पहाटे नळच आला की हो! टँकर परत लावला तर म्हणतो, पैसे माघारी मिळणार न्हाईत. भांडले मी. अजून बोलत न्हाई त्याच्याशी."

त्यांनी बारशाची चित्रफीतही दाखवली. पाळणा, कुंची, हळदीकुंकू. ती सुरू व्हायची ती गल्लीतून, पाहुण्यांच्या स्वागताच्याही आधी. सरस्वतीबाईंच्या मुलानं हौसेनं सकाळपासूनच मोबाईल धरला होता. भागवतरावांनी जांभई दिली. परक्याच्या नातवाचं बारसं बघायला लागणं ही त्यांच्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

बुद्धप्रियानं मात्र ती दोनदा बघितली आणि स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतली.

रस्त्यावर आल्यावर भागवतराव कुजबुजले, "म्हातारी, ताई! मोबाईल लपवला. आवाज कापत होता. पोराच्या बाजूनं आहे ती. घरात राहून घर फोडतेय."

"सकाळी नवरा म्हणत होता."

"दोघं मिळून," भागवतराव अजिबात न डगमगता म्हणाले.

---

दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडला गेली. भुजंगरावांचं घर मोठं, पुढे अंगण. एक गडी रबरी नळीनं चारचाकी धूत होता. वर गच्चीवरची टाकी भरून पाणी धो धो वाहत होतं आणि ते बंद करायला कोणी उठत नव्हतं. भागवतरावांचा जीव वरखाली झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बायको होती.

"कुठं हायसा? उद्या सकाळी नळ हाय, ध्यानात हाय ना? आज मुक्काम केलात तर बघा. मी एकटी ड्रम ओढणार न्हाई!"

"येतो गं बाई, येतो," भागवतराव पडेल आवाजात म्हणाले.

रुद्रेश याच घरात वरच्या खोलीत राहायचा. बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बोलायला लागला तो तावातावानं.

"मी हप्ता बंद केला? मी? ताई, माझे पैसे दादानं परत आणून दिले. शिवानीच देत न्हाई म्हणाला! तिला घर बुडवायचंय, म्हणजे मलाही काही मिळू नये. माझी आई त्या घरात हाय हो! मी कशाला बुडवीन?"

"तिला विचारलंत का एकदा?"

त्यानं नजर चुकवली. मग म्हणाला, "तिचा नंबर मी काढून टाकलाय. दादा होता ना मध्ये."

"आईशी बोलता?"

रुद्रेश ओशाळला. "बोलतो. लपून. शिवानीला कळलं तर आईला वाईट वाटेल, म्हणून." भागवतरावांचा एक संशय तिथंच आडवा झाला.

"बँकेची पत्रं?"

"इथंच येतात. मी फिरतीवर असतो. दादा बघतो सगळं."

खाली भुजंगराव बैठकीत बसले होते. पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या, आवाज मवाळ. पाहुण्यांना शिरा आला, चहा आला. भागवतरावांना माणूस आवडला.

"काय सांगू तुम्हाला," भुजंगराव सुस्कारा टाकून म्हणाले, "दोघंही हट्टी. मी मधल्या मधी मेलो. ती नोटीस लागली त्या गुरुवारी मी स्वतः लातूरला गेलो होतो, शिवानीला समजवायला. सकाळी सातला दारात हजर. तर दाराला कुलूप! नोटीस लागलेली मी या डोळ्यांनी बघितली. अर्धा तास ओट्यावर बसून राहिलो. अख्खी गल्ली सामसूम, एक माणूस दिसेना की विचारावं. नंतर तिनंच फाडली असणार ती नोटीस. आता कानावर हात ठेवतेय."

"वाईट झालं," बुद्धप्रिया म्हणाली.

"घर काय, जुनंच हाय. जागा मात्र सोन्याची. दोन्हीकडं हॉस्टेलं झालीत. पण ह्या दोघांना अक्कल असती तर!"

परतीच्या बसमध्ये भागवतराव हिशेब मांडत होते. "बायको म्हणते नवऱ्यानं दिले नाहीत. नवरा म्हणतो बायकोनं दिले नाहीत. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतोय. बरोबर?"

"चूक," बुद्धप्रियानं डोळे मिटून सांगितलं. "भागवतराव, उद्या सकाळी तुम्ही काय करणार?"

"नळ नाही का? पहाटेपासून पाणी भरणार. का?"

"काही नाही. भरून झालं की अकराला बँकेत या."

---

शुक्रवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एका टोकाला शिवानी आणि पार्वतम्मा, दुसऱ्या टोकाला रुद्रेश. दोघं नवराबायको भिंतीकडं तोंड करून. मध्ये भुजंगराव, अगदी घरचं कार्य असल्यासारखे. भागवतराव दाराशी उभे. पाणी भरून त्यांची कंबर धरली होती.

"भुजंगराव," बुद्धप्रियानं सुरुवात केली, "तुमच्या साक्षीवर मॅनेजरसाहेबांचा विश्वास बसेल. गुरुवारचं परत एकदा सांगता?"

भुजंगरावांनी तेच सांगितलं. सात वाजता, कुलूप, नोटीस, सामसूम गल्ली.

"ओट्यावर बसलात. ओटा ओला होता का?"

"छे! कोरडा ठणठणीत. सगळी गल्ली कोरडी."

बुद्धप्रिया मॅनेजरकडं वळली. "साहेब, तुमच्या फोटोत दाराशी दोन ड्रम पालथे आहेत. तुम्ही लातूरचे ना? नळाच्या दिवशी सकाळी सातला तुमच्या घरचे ड्रम कसे असतात?"

मॅनेजर हसला. "पालथे कसे असतील? नळ आला की..." आणि त्याचं हसू तिथंच थांबलं.

"त्या गुरुवारी या गल्लीत नळ आला होता," बुद्धप्रिया म्हणाली. "सरस्वतीबाईंच्या नातवाचं बारसं त्याच दिवशी होतं. पहाटे नळ आला म्हणून त्यांना टँकर नको झाला, त्यावरून भांडण झालं. आता मला सांगा, ज्या गावात नळ रोज येत नाही, त्या गावात नळाच्या दिवशी सकाळी सातला घराला कुलूप लावून कोण जातं? गल्ली सामसूम कशी असते? त्या वेळेला इथं माणसांच्या पायात नळ्या अडकतात, मोटारी घरघरतात आणि शेजारणी भांडतात. भागवतरावांना विचारा, आज सकाळीच अनुभव घेतलाय."

भागवतरावांनी कंबरेवर हात ठेवला. आपण तो फोटो इतका वेळ निरखला आणि आपल्याला हे दिसू नये? त्यांना स्वतःचाच राग आला. घरचीच गोष्ट होती, म्हणूनच दिसली नाही.

"तुमच्या अंगणात रोज पाणी, भुजंगराव," बुद्धप्रिया म्हणाली. "टाकी वाहिली तरी कोणी उठत नाही. त्यामुळे खोटा गुरुवार रचताना तुम्हाला नळ आठवलाच नाही. लातूरचा माणूस हे खोटं बोललाच नसता."

तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. बारशाची चित्रफीत सुरू झाली. गल्लीभर ओल, आडव्यातिडव्या नळ्या, आणि समोर शिवानी पदर खोचून ड्रम भरतेय. तिच्या मागं हिरवं दार सताड उघडं. त्यावर कागदाचा तुकडासुद्धा नव्हता.

"मग हा फोटो?" मॅनेजरनं विचारलं.

"तो त्याआधीच्या रविवारचा. त्या दिवशी घर खरंच बंद होतं. सगळी औशाला लिंगधारणेला गेली होती. गाडी कुणी दिली, तर भुजंगरावांनी. म्हणजे घराला कुलूप कधी लागणार आणि कधी निघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण रविवारी बँक नोटीस लावायला जात नाही, म्हणून तारीख कामाच्या दिवसाची टाकली. तुमच्या एजन्सीच्या माणसाला काल रात्री मी विचारलं. तो बाहेर बसलाय. तो लातूरच्या त्या गल्लीत गेलाच नव्हता. 'मी घरचाच आहे, मीच लावतो' म्हणून भुजंगरावांनी नोटीस त्याच्या हातातून घेतली, रविवारी बंद दाराला लावून फोटो काढला, कागद लगेच काढून घेतला आणि फोटो याला पाठवला. यानं घरबसल्या अहवाल लिहिला."

"हे सगळं खोटं आहे!" भुजंगराव उठले. "मला काय मिळणार? पैसे दोघांचे मी परत केलेत. एक रुपया ठेवला न्हाई!"

"तेच तर तुमचं कसब. एकाचे पैसे परत करताना म्हणायचं, दुसरा देत नाही. दुसऱ्याला म्हणायचं, पहिली देत नाही. पैसे खाल्ले असते तर कुणीतरी हिशेब मागितला असता. परत केले, म्हणून दोघांनी तुम्हाला देवमाणूस मानलं आणि राग एकमेकांवर काढला. बँकेची पत्रं तुमच्या घरी. साहेब, ती एकुलती एक बोली कुणाची आहे?"

मॅनेजरनं फाईल चाळली आणि नाव वाचलं.

"तो तर दादाच्या बायकोचा भाऊ!" रुद्रेश ताडकन उठला. "हॉस्टेल काढायचंय म्हणत होता. जागा शोधून राहिलो म्हणत होता. दादा, माझ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर रे!"

भुजंगरावांच्या मवाळ आवाजाला एकदम धार चढली. "मग जपायचं होतं की! घर सोडून पळाला कोण? तुम्हा दोघांना बोलायची लाज, म्हणून मी बोललो. बैठकीनं मला नेमलं होतं, मी न्हाई मागितलं!" आणि ते कुणाकडंही न बघता दार ढकलून निघून गेले. भागवतराव त्यांना अडवायला सरसावले, पण बुद्धप्रियानं नुसती मान हलवली. कुठं जाणार होते ते? अहवाल होता, माणूस बाहेर बसला होता, बाकीचं पोलीस बघतील.

मॅनेजरनं घाम पुसला. "सोमवारचा लिलाव मी थांबवतो. पण थकबाकी राहतेच. ती भरली तर खातं पूर्ववत होईल. आता एवढी रक्कम..."

"माझ्याकडं हाय," शिवानी आणि रुद्रेश एकदमच म्हणाले.

दोघांनीही परत आलेले पैसे तसेच ठेवले होते. खर्च करायची हिंमत दोघांनाही झाली नव्हती. पार्वतम्मा पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर रुद्रेश थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो बायकोकडं बघून बोलत होता.

"मला वाटलं, तू मला धडा शिकवून राहिलीस."

"मला वाटलं, तू मला रस्त्यावर आणून राहिलास."

"एक फोन करायचास की, शिवानी."

"तू?"

पार्वतम्मांनी मुलाचा हात धरला आणि आशेनं सुनेकडं पाहिलं. रुद्रेशनं तेवढ्या धीरावर विचारून टाकलं, "मी घरी येऊ?"

आता ही हो म्हणणार, असं भागवतरावांना अगदी मनापासून वाटलं. शिवानीनं उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला.

"जेवायला ये," ती म्हणाली. "आज आई ज्वारीची भाकरी करणार हायत. राहायला न्हाई."

रुद्रेशनं मान खाली घातली. मग आईच्या खांद्यावरची पिशवी आपल्याकडं घेतली आणि दोघींच्या मागं चालू लागला.